मोपाहून परत आल्यावर

प्रिय बाय,

पोचल्याचा मेसेज बघितला, बरं वाटलं. मोपा विमानतळावरून परत येताना आई गाडीत एक शब्द बोलली नाही. आदल्या रात्री मी बोललो ते बोलायला नको होतं, चवथीच्या घरात तर मुळीच नको. पण लॅबचं दोन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट आणि त्यानंतर काय, एवढंच विचारायचं होतं गो मला, आवाज चढला तो चढलाच.

तूच सांगितलेलंस ना, त्या शास्त्रज्ञ जेम्स अ‍ॅलिसननी १९९४ साली कॅन्सरच्या गाठी असलेल्या उंदरांवर प्रयोग केला, गाठी विरल्या, आणि त्यातून आलेल्या औषधाला अमेरिकेत परवानगी मिळाली २०११ला. मी कॅलेंडरच्या मागे वजाबाकी केली. सतरा वर्षं. आणि तुझ्या हातात दोन. कार-टी, म्हणजे पेशंटच्याच लढाऊ पेशी बदलून करायची ती थेरपी, रक्ताच्या कॅन्सरवर चालते पण घट्ट गाठीत शिरल्यावर पेशी दमतात म्हणालीस, म्हणजे तुझं काम तर त्याहून अवघड.

परवा रत्नामावशीकडे भजनाला गेलो तर तिथे चौघांना कार-टी मीच समजावत बसलो, पेशंटच्याच रक्तातल्या टी पेशी काढतात, त्यांच्यात नवा जीन घालतात, वाढवतात आणि परत त्यालाच चढवतात. २०२३मध्ये आपल्या आयआयटी मुंबई आणि टाटाच्या कार-टी थेरपीला परवानगी मिळाली तेही सांगितलं. सांगताना छाती भरून आली, आणि घरी येताना वाटलं मग ही मुंबईतच का नाही राहिली. बॅगेत लेक्चररच्या जागेचं कात्रण मीच घातलंय. रागावू नकोस. फाडून टाकलंस तरी चालेल.

यंदा गणपतीवर फळांची माटोळी बांधताना कवंडाळाचं फळ हातात घेतलं आणि तू आठवलीस, सात वर्षांची, आजीच्या विळीवर चिरून आत बिया कशा बसल्यात ते बघत होतीस. आजी किती ओरडली. मग तिलाच घेऊन आपण बांबोळीच्या हॉस्पिटलात खेपा घातल्या, तू नववीत, सलाईन संपेपर्यंत बाकावर भूगोल पाठ करायचीस. ताप आला की शरीर लढतं मग ह्या कॅन्सरशी का लढत नाही, असं विचारलं होतंस. मी गप्प बस म्हटलं. मला येत नव्हतं उत्तर, तेवढं तरी सांगायला हवं होतं.

वेळेवर जेव, रात्री लॅबमधून एकटी चालत येऊ नकोस. नेवऱ्यांचा डबा फ्रीजवरच राहिला, आई रोज बघते.

कॉन्ट्रॅक्टचं आता फोनवर काढणार नाही. फक्त वाढवून मिळतं का तेवढं तुझ्या लॅबच्या मॅडमना विचारून ठेव.

बाबा