बाबा, सही झाली आहे

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

रविवारी फोनवर सांगणारच होते. पण आई भुट्ट्याच्या किसाबद्दल इतक्या आनंदाने बोलत होती की शब्द घशातच राहिले. दिल्लीतली सरकारी वकिली मी सोडली आहे. ऑक्टोबरपासून तीन वर्षं स्वित्झर्लंडमध्ये बर्नला, तिथल्या विद्यापीठाच्या वर्ल्ड ट्रेड इन्स्टिट्यूटमध्ये संशोधन करणार, करारावर सहीही झाली आहे. तुम्हाला विचारलं नाही, नुसतं सांगते आहे, हे मला फार टोचतंय.

बाबा, रागावण्याआधी ऐका. उसाचा तो खटला आठवतो ना? ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला आपल्याविरुद्ध जिनिव्हाला, जागतिक व्यापार संघटनेकडे गेले होते. उसाला आपण जो किमान दर बांधून देतो, त्यातून मिळणारा आधार उत्पादनाच्या एकूण मूल्याच्या १० टक्क्यांची मर्यादा ओलांडतो, असं त्यांचं म्हणणं. डिसेंबर २०२१ मध्ये निकाल आपल्या विरोधात गेला आणि आपण अपील केलं. पण ऐकणार कोण? संघटनेच्या अपील मंडळात सात जण असायला हवेत, एका प्रकरणाला तीन लागतात. अमेरिकेने नेमणुका अडवून धरल्या, डिसेंबर २०१९ मध्ये एकच सदस्य उरला आणि ३० नोव्हेंबर २०२० ला त्या सदस्याचीही मुदत संपली. तुम्ही इंदूर खंडपीठात सरकारतर्फे जन्मभर उभे राहिलात. समोर न्यायाधीशच नाही, ही कल्पना तरी करवते का? अपील दाखल होतं आणि तिथेच पडून राहतं. आज ते आपल्या सोयीचं आहे, हे मी नाकारत नाही. उद्या आपण तक्रार केली की समोरचाही हेच करेल. आणि सरकारी वकील असताना आपल्या बाजूचं दुबळेपण मला छापता येत नाही. ते लिहायचं आहे, म्हणून जाते.

आई, खोलीत हीटर आहे, स्वयंपाकघर स्वतःचं आहे, तांदूळ-डाळ मिळते. कुकर इथूनच नेईन. गोडा मसाला अर्धा किलो पुरे, दोन किलो करत बसू नकोस, तुझे खांदे दुखतात. लोकरीचे मोजे मात्र तूच विणलेले हवेत.

काल सामान आवरताना फाइलीची लाल फीत सापडली. रामबागेतल्या घरी बाबांच्या फाइलीची अशीच फीत वेणीला बांधून मी शाळेत गेले होते आणि तुम्ही दोघंही काही बोलला नव्हतात. किती वेळ ती हातात धरून बसले होते.

आता नीट वाचा. बाबा, इन्सुलिन नाश्त्याच्या आधी, नंतर नाही. पोह्यांबरोबर जिलबी बंद, छप्पन दुकानला कोणी आग्रह केला तरी. तीन महिन्यांची साखर दर तिमाहीला तपासायची आणि रिपोर्टचा फोटो मला पाठवायचा. आईने गच्चीवर वाळवणं घालायला चढायचं नाही. गुडघ्याचं दादाशी बोलले आहे, तो दर शनिवारी येईल. त्याला चहा पाजून परत पाठवू नका, डॉक्टरकडे जा. उन्हाळ्यात बर्न साडेतीन तास मागे असतं, थंडीत साडेचार. म्हणजे तुमचं जेवण झाल्यावर माझी संध्याकाळ, रोज फोन होईल. काही दुखलं तर लपवायचं नाही, मागच्या वेळी केलंत तसं. मी बोलले तेव्हा जास्तच बोलले, तेही मनात ठेवू नका.

गणपती करूनच निघेन. आरतीची पितळी घंटा माळ्यावर आहे, ती मी आल्यावर काढू, तुम्ही स्टुलावर चढू नका.

तुमची
छोटी