आई, तुझंही अभिनंदन

युट्रेक्ट,
१२ ऑक्टोबर २०२५

ती. आई आणि ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

रोज फोन होतोच, मग पत्र कशाला, असं बाबा म्हणतील. पण फोनवर तू "चिऊ जेवली का?" विचारतेस, मी "जेवली" म्हणते आणि तेवढ्यात दोघींपैकी एकीला रडू येतं. म्हणून लिहायला बसले. सगळं छान आहे, हे आधी वाचून घ्या आणि मग पुढे वाचा. चिऊच्या ब्लड कॅन्सरवरची शेवटची गोळी झाली. शाळा पूर्ण वेळ सुरू झाली. केस मानेपर्यंत आलेत, तेही कुरळे. परवाच्या रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशी जरा कमी होत्या, पण औषधं थांबल्यावर त्या हळूहळूच वर येतात, हे डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलं होतं. बाबा, त्यावरून रात्र जागून काढू नका.

इथल्या लोकांची एक रीत तुम्हाला सांगायची राहूनच गेली. इथे वाढदिवस एकाचा असला तरी अभिनंदन सगळ्यांचं करतात. चिऊचा वाढदिवस असेल तर आलेला माणूस आधी चिऊशी हात मिळवतो. मग मला म्हणतो, "मुलीबद्दल अभिनंदन." मग ह्यांना तेच. आत्या आलेली असेल तर तिला "भाचीबद्दल अभिनंदन", आणि शेजारीण बसली असेल तर तिचंसुद्धा. खुर्च्या गोल मांडलेल्या असतात. येणारा प्रत्येक जण त्या गोलात फिरून एकेकाला हेच म्हणतो, कोणालाही वगळत नाही. पहिल्या वर्षी मला वाटलं, भाषा कच्ची म्हणून मीच चुकीचं ऐकतेय. पुढे खूप दिवस कळेना, माझं अभिनंदन कशाबद्दल? मग एकीने समजावलं की माणूस एकटा मोठा होत नाही, म्हणून आसपासच्या सगळ्यांचं करायचं.

गेल्या महिन्यात ट्रीटमेंट संपली त्या संध्याकाळी समोरच्या आजी फुलं घेऊन आल्या. चिऊचं अभिनंदन केलं, माझं केलं, ह्यांचं केलं. आणि मग विचारलं, "भारतातल्या आजीचं केलंस का?"

केलं नव्हतं. दोन वर्षांत मी तुला कितीदा तरी "काळजी करू नकोस" म्हटलं, पण तूही हे सोसलंस असं एकदाही म्हटलं नाही. आई, अभिनंदन. बाबा, तुमचंही.

आता एक कबुली. तू पाठवलेली तुळशीची माळ तुटली होती. तेव्हा सांगितलं नाही, अपशकुन झाला म्हणून तू उपास धरशील ही भीती होती. चिऊच्या गळपट्टीच्या हाडाखाली औषधाचं पोर्ट, म्हणजे शिरेत औषध सोडायची छोटी डबी, बसवलेलं होतं, त्यामुळे माळ गळ्यात नको म्हणून मी ती पलंगाच्या दांडीला अडकवली होती. ते स्टेरॉइडचे दिवस होते. त्या गोळ्यांनी पोर आपली राहत नसे. रात्री तीन वाजता मेतकूट-भात मागायची, रडत रडत खायची आणि पुन्हा मागायची. अशाच एका रात्री रागाने तिने माळ ओढली आणि मणी सगळीकडे उडाले. नर्स टॉर्च घेऊन गुडघ्यांवर बसली, पलंगाखाली शिरली आणि आम्ही दोघींनी मणी वेचले. तिला तुळस ठाऊक नाही की विठोबा ठाऊक नाही, पण मी मोजतेय आणि आकडा १०७ वर थांबतोय हे पाहिल्यावर ती पुन्हा खाली वाकली. मणी काही मिळाला नाही. सकाळी चिऊची मूठ उघडली, तर तो तिच्या मुठीत होता. घामाने ओला झालेला.

तो एक मणी तिने परत दिला नाही. इथे कॅन्सरच्या मुलांना एक माळ देतात. आधी नावाची अक्षरं ओवायची, मग प्रत्येक उपचाराला एक मणी. सुई टोचली की एक, रक्त चढवलं की एक, केमोचा वेगळा, केस गळले त्याचा वेगळा. व्हिडिओवर तुला ती नुसती रंगीबेरंगी दिसली असेल. आता ती चिऊच्या उंचीहून लांब झालीये आणि केस गळल्याच्या मण्याशेजारी तुझा तुळशीचा मणी आहे. बाकीचे १०७ मी पुरचुंडीत बांधून देवापाशी ठेवलेत.

दुसरी कबुली जास्त जड आहे. तू विचारायचीस, "हरिपाठ चालू आहे ना?" मी "हो" म्हणायचे. नव्हता गं. पहिले चार-पाच महिने मी विठ्ठलाच्या फोटोकडे पाहिलंही नाही, इतका राग होता. फलटणला पालखी यायची तेव्हा माउलींच्या पादुकांवर डोकं ठेवायला पहाटेपासून रांगेत उभी राहणारी मी, मला इथे एक ओळ म्हणवत नव्हती. मग एका रात्री चिऊनेच तुझ्यासारखं "देवाचिये द्वारीं" सुरू केलं. व्हिडिओवर तुझं ऐकून तिला पाठ झालं होतं. पुढची ओळ तिला आठवेना म्हणून मी सांगितली. तेव्हापासून खरंच चालू आहे.

बाबा, तुम्ही परवा पुन्हा म्हणालात की आम्हाला उशिरा कळलं. नाही. पायावर निळे डाग दिसले आणि गुडघे दुखतात म्हणाली, त्याच आठवड्यात रक्त तपासलं. आधीचे दहा दिवस ताप होता तेव्हा घरच्या डॉक्टरांनी पॅरासिटामॉल दिलं, हे खरं, पण तेव्हा काही दिसतही नव्हतं. ते दहा दिवस मी माझ्या मनात रोज मोजते, तुम्ही नका मोजू. आणि परळला टाटाला आणायचं राहिलं याचं वाईट वाटून घेऊ नका. औषधं बरीचशी तीच असतात. फरक एवढाच की इथे चिऊच्या खोलीला लागून आम्हा आईबापांची खोली होती, आणि टाटाबाहेर फुटपाथवर झोपणारे आईबाप तुम्ही स्वतः पाहिलेत. ते आठवलं की मला त्या मऊ गादीवर झोप लागत नसे. या प्रकारच्या ब्लड कॅन्सरमधून इथली दहातली नऊ मुलं बरी होतात. डॉक्टर अजून "पूर्ण बरी" हा शब्द वापरत नाहीत, काही वर्षं तपासण्या राहतील. मी मात्र तो मनात वापरते.

आणि आई, विनक्रिस्टिन म्हणून जे इंजेक्शन होतं ना, ते सदाफुलीपासून काढतात. आपल्या अंगणातली, तू रोज विठोबाला वाहतेस ती. हे कळलं त्या दिवशी मला पहिल्यांदा बरं वाटलं. पण बाबा, म्हणून तुम्ही साखरेसाठी तिची पानं चावता ते आजपासून बंद करा. ती विषारी असतात. औषधसुद्धा इथे थेंब मोजून देतात.

ओढ्याकाठची दहा गुंठे विकू नका. आता तर अजिबात नको. इथे १८ वर्षांखालच्या मुलांना विम्याचा हप्ता पडत नाही, उपचाराचे पैसे आम्हाला भरावे लागले नाहीत. ओढाताण झाली ती माझ्या बिनपगारी रजेमुळे. त्यात दोन वर्षं घरी काही पाठवता आलं नाही आणि पत्रे गळत राहिले, हे मला माहीत आहे. बाबांनी एफडी मोडून पाठवलेले दीड लाख आणि धाकट्याच्या लग्नासाठी दोन, असे साडेतीन पाठवतेय. परत करू नका.

लग्नाची तारीख आमच्यासाठी पुढे ढकलू नका. चिऊचं पोर्ट काढायचंय, काही लसी पुन्हा घ्यायच्यात, तोवर मांडवातली गर्दी नको. करवली म्हणून मी उभी राहायचे, ते काकांच्या ताईला सांग. माझ्यासाठी घेतलेलं लुगडं तिलाच नेसव. होणाऱ्या मामीला चिऊने चित्र काढलंय, सोबत आहे.

पुढच्या वर्षी अधिक ज्येष्ठ आहे, आषाढी एकादशी २५ जुलैला येते. तेव्हा शाळेला सुट्टी असेल. तिकिटं काढतोय. वाखरीपासून चिऊला चालवत न्यायचा तुझा नवस, ती चालेल. तू अनवाणी चालायच्या आधी गुडघा दाखवून घे. नवस फिटेपर्यंत चहा सोडलायस, तो आता घे म्हटलं तर घेणार नाहीस. मग वाळवंटात पहिला कप मीच देईन.

तुझी,
बबी

ता. क. धाकट्याच्या खात्याचा नंबर पुन्हा कळव, मागच्या वेळी पैसे परत आले होते. आणि मिरगुंडं पाठव, चिऊ अजून मागते. आता गोळ्यांमुळे नाही, आवडतात म्हणून.