आत्याची गाणी आणि तुझी

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालास, "बाबांची आवडती गाणी लावली की आत्या शांत होते, आणि मला मात्र तिथून उठून जावंसं वाटतं." तेव्हा मला धड बोलता आलं नाही, म्हणून लिहायला बसले.

उठून जावंसं वाटलं तर उठून जा. बाबांना जाऊन अजून वर्षही झालं नाही. त्यात आत्या दिवसातून कितीदा तरी "दादा कुठे गेला?" म्हणून विचारते आणि दर वेळी उत्तर द्यायला तूच समोर असतोस. तिला ते आठवत नाही, तुला विसरता येत नाही. या दोन्हींच्या मध्ये एकच गाणं वाजत असेल तर ते दोघांना सारखं कसं लागेल?

तिला नेमकी तीच गाणी का लागतात, ते सांगते. बाबा आणि आत्या एकाच रेडिओसमोर वाढले. साधारण दहाव्या वर्षापासून तिशीपर्यंत जे कानावर पडतं, ते माणसाच्या आठवणीत सर्वांत खोल रुजतं. आणि अल्झायमरमध्ये सगळा मेंदू एकाच वेगाने झिजत नाही. २०१५ साली जर्मनीतल्या संशोधकांनी दाखवलं, की जुनी ओळखीची गाणी ओळखणारा मेंदूचा भाग या आजारात बराच उशिरापर्यंत शाबूत राहतो. म्हणून सकाळी काय खाल्लं हे तिला सांगता येत नाही, पण अंतऱ्याचे शब्द ती चुकत नाही. तो तिचा हट्ट नाही की नाटक नाही. तिथे ती अजून पूर्ण आहे.

बाबांच्या वेळी मी हे डोळ्यांनी पाहिलं. पक्षाघाताचा झटका डाव्या मेंदूला आला होता, त्यामुळे उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. पाणी हवं असलं तरी "पाणी" म्हणता यायचं नाही, आणि त्या न येणाऱ्या शब्दापायी त्यांचे डोळे भरून यायचे. पण मी एखादी ओळ सुरू करून मध्येच थांबले, की पुढचे शब्द ते सुरात आणि स्पष्ट म्हणायचे. डावा हात पलंगाच्या कठड्यावर असायचा, त्याचं एक बोट ठेका धरायचं आणि समेला बरोबर खाली यायचं. वाचाउपचार करणाऱ्या ताईंनी समजावलं होतं, की बोलण्याचं बहुतेक काम डावा मेंदू करतो, गाण्यात मात्र उजवाही सामील असतो. याच आधारावर शब्द सुरात म्हणवून घेण्याची उपचारपद्धत अमेरिकेत १९७३ सालीच मांडली गेली. बाबांचं बोलणं काही त्याने परत आलं नाही. पण रोज थोडा वेळ मला त्यांचा आवाज ऐकायला मिळाला, आणि त्या दिवसांत माझा जीव त्यावरच तगला.

तू तेव्हा मला फिनलंडमधल्या २००८ सालच्या अभ्यासाबद्दल वाचून दाखवलं होतंस, आठवतं? झटक्यानंतर ज्या रुग्णांनी रोज आपल्या आवडीचं संगीत ऐकलं, त्यांची शब्दांची स्मृती आणि एकाग्रता इतरांपेक्षा जास्त सुधारली, मन खचण्याचं प्रमाणही कमी होतं. मला त्यातलं "आपल्या आवडीचं" हेच महत्त्वाचं वाटतं. आजारी माणसाला उगाच "मन शांत करणारं" काहीतरी लावून ठेवतात ना, ते मला पटत नाही. ज्याची आवड त्याला ठाऊक.

आत्यासाठी थोडं सांगून ठेवते. दिवसभर गाणी चालू ठेवू नकोस. सतत वाजलं की तिला तो गोंगाट होतो आणि ती चिडते. मध्येच जाहिराती येणार नाहीत असं बघ, अनोळखी मोठ्या आवाजाने ती दचकते. "हे कुणी गायलंय, सांग बघू" असं तर कधीच विचारू नकोस. परीक्षा घेतली की हातातला आनंदही जातो. आंघोळीच्या वेळी ती ओरडते म्हणालास, तेव्हा सूचना देत बसण्यापेक्षा स्वतः गाणं म्हण. स्वीडनमध्ये डिमेन्शियाच्या, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या, रुग्णांचं सकाळचं आवरताना काळजी घेणाऱ्यांनी गायला सुरुवात केली, तेव्हा विरोध कमी झाला आणि रुग्ण जास्त साथ देऊ लागले. तुझा सूर कसा लागतो याची चिंता करू नकोस. एखाद्या गाण्याने ती कासावीस झाली तर लगेच बंद कर, समजूत काढत बसू नकोस.

आता तुझं. बाबांची गाणी तुला आत्ता ऐकवत नसतील तर ऐकू नकोस. शब्दांना त्यांचा चेहरा चिकटलेला आहे. शब्द नसलेलं काही ऐक: बासरी, सरोद, नाहीतर नुसता तानपुरा. मला पहिले काही महिने तानपुऱ्यापलीकडे काही सोसत नव्हतं. आणि कुणी "काहीतरी आनंदी लाव, बरं वाटेल" म्हणालं तर मनावर घेऊ नकोस. जड मनाला जड सूरच आधी जवळचा वाटतो. २०१४ साली सातशेहून अधिक लोकांना विचारलं होतं, की उदास संगीत ऐकून काय वाटतं. सर्वांत जास्त जणांनी जुन्या दिवसांची हुरहुर सांगितली, दुःख नव्हे. रडू आलं तर आत्यासमोर रड. माझ्या माहितीची आत्या आहे ती, तुझ्या पाठीवरून हात फिरवेल.

अजून एक. शेवटच्या दिवशी तू बाबांच्या कानाशी गुणगुणत होतास आणि नंतर मला विचारलंस, त्यांना ऐकू गेलं असेल का. २०२० साली कॅनडात अखेरच्या काही तासांतल्या, प्रतिसाद न देणाऱ्या रुग्णांचा मेंदू तपासला, तेव्हा त्यांच्यातल्या काहींचा मेंदू आवाजांतले बदल टिपत होता. अर्थ कळत होता का, हे त्यातून ठरत नाही. पण तुझा आवाज त्यांच्यापर्यंत पोचला असेल असं मी मानते, आणि तूही मान.

पुढच्या आठवड्यात मी येते. संध्याकाळी आत्याजवळ मी बसेन, तू आणि सूनबाई मैफलीला नाहीतर नुसते फिरायला जा, घरी फोन करत बसू नका. आत्यासाठी हेडफोन मी घेऊन येते आहे, कानांवर बसणारे. कानात घालायचे तिला खुपतात, तेव्हा तू तसले आणू नकोस.

तुझी,
आई