न्यासाची मिळकत कराच्या वहीत कोणाच्या नावावर?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बाळीवेस, उत्तर कसबा, मंगळवार पेठ अशा सोलापूरच्या जुन्या भागांत धर्मशाळा, मठ, वसतिगृहे, वाचनालये यांच्या रूपाने सार्वजनिक न्यासांच्या (ट्रस्टच्या) कितीतरी मिळकती आहेत. गिरण्यांच्या आणि पेठेतल्या व्यापाराच्या भरभराटीत ज्यांच्या हाती पैसा आला, त्यांच्यापैकी अनेकांनी त्यातला वाटा गावासाठी बाजूला काढला आणि परगावाहून शिकायला आलेल्या मुलांच्या पिढ्या त्या दानावर उभ्या राहिल्या. या मिळकतींवर देखरेख कोणाची, असे विचारले की सर्वसाधारणपणे धर्मादाय कार्यालयाकडे बोट दाखवले जाते. हे उत्तर कायद्याला धरून असले तरी अपुरे आहे, आणि महापालिकेने यात आपला वाटा उचलला पाहिजे, हे मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० मधील तरतुदी कमकुवत नाहीत. न्यासाची स्थावर मिळकत विकायची, अदलाबदलीने किंवा बक्षीस म्हणून द्यायची असेल, अथवा शेतजमीन दहा वर्षांहून आणि बिनशेती जमीन किंवा इमारत तीन वर्षांहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायची असेल, तर कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. धर्मादाय कार्यालयाच्या नोंदवहीतील तपशिलात बदल झाला, म्हणजे विश्वस्त बदलले किंवा मिळकतीत भर-घट झाली, तर कलम २२ खाली ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. गैरकारभार करणाऱ्या विश्वस्ताला कलम ४१ड खाली निलंबित करता येते, पदावरून दूरही करता येते. परंतु धर्मादाय कार्यालयाला दिसतो तो विश्वस्तांनी आणून दिलेला कागद. ओसरीत भिंत कधी उठली, मागच्या खोल्यांतली मुले कधी गेली आणि तिथे गोदाम कधी आले, हे घरोघर फिरणाऱ्या पालिकेच्या कर निरीक्षकाला जितके लवकर कळते, तितके दुसऱ्या कोणालाच कळत नाही.

मी एका लहान वाचनालयाच्या न्यासाचे हिशोब लिहितो. त्या निमित्ताने जिल्ह्यातल्याच एका गावातील धर्मशाळेचे करआकारणीचे जुने-नवे उतारे मला पाहायला मिळाले. या उताऱ्यांत धारक (ज्याची मिळकत तो) आणि भोगवटादार (जो प्रत्यक्ष वापरतो तो) असे दोन रकाने असतात. वारकऱ्यांना रात्रीपुरता आसरा मिळावा म्हणून बांधलेली रस्त्याकडची ओसरी भिंती घालून गाळ्यांत विभागली गेली होती. पहिल्या उताऱ्यात धारक म्हणून न्यासाचे आणि भोगवटादार म्हणून दुकानदाराचे नाव होते. नंतरच्या फेरआकारणीत न्यासाच्या नावापुढे दुकानदाराचे नाव जोडले गेले, आणि त्यापुढच्या उताऱ्यात धारकाच्या रकान्यात दुकानदाराच्या मुलाचे नाव आले. न्यासाचा उल्लेखच उरला नाही. यामागे खरेदीखत नव्हते आणि कलम ३६ खालचा आदेशही नव्हता. भाड्याचा करार दर वेळी अकरा महिन्यांचाच केलेला असल्यामुळे तीन वर्षांची मर्यादा कागदोपत्री कधी ओलांडली गेलीच नाही. करपावती हा मालकीचा पुरावा नव्हे, हे न्यायालयांनी अनेकदा सांगितले आहे. तरीही वीजजोडणी, दुकानाचा परवाना, बँकेचे कर्ज या सर्वांसाठी तीच पावती पुढे केली जाते, आणि नवे विश्वस्त जागे होतात तोवर जुने कागद माहीत असलेली माणसे हयात नसतात. धर्मादाय कार्यालयाच्या नोंदवहीत, म्हणजे परिशिष्ट एकमध्ये, ती धर्मशाळा अजूनही संपूर्णपणे न्यासाचीच आहे.

सोलापुरात असे घडू नये यासाठी नवा कायदा करण्याची गरज नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम १३२ नुसार केवळ सार्वजनिक उपासना, धर्मादाय किंवा शैक्षणिक कामासाठी वापरल्या जाणाऱ्या इमारतीला, अथवा तिच्या तेवढ्या भागाला, सर्वसाधारण करातून सूट मिळते. ज्या भागात धंदा चालतो किंवा ज्याचे भाडे येते त्याला ती मिळत नाही, मग ते भाडे धर्मकार्यालाच लावलेले असो. याचा अर्थ, सूट द्यायची तर इमारतीचा प्रत्येक भाग कोण आणि कशासाठी वापरतो हे पालिकेने पाहिलेच पाहिजे. ही पाहणी नीट झाली तर गाळ्यांचा कर बुडणार नाही. त्याचबरोबर ज्या खोल्यांत आजही गरीब विद्यार्थी राहतात त्यांची सूट पुढच्या गाळ्यांकडे बोट दाखवून नाकारली जाणार नाही. प्रामाणिक न्यासांना होणारा हा जाच मला करबुडवेगिरीइतकाच गंभीर वाटतो, कारण अशा न्यासांकडे वकील लावायलाही पैसा नसतो.

पालिकेने लक्ष घालावे अशी दुसरी बाब धोकादायक इमारतींची. पावसाळ्याच्या तोंडावर महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली नोटिसा निघतात आणि त्या निघायलाच हव्यात, कारण प्रश्न माणसांच्या जिवाचा असतो. मात्र न्यासाची जुनी वास्तू एकदा पाडली गेली की मोकळ्या भूखंडावर काय उभे राहणार, हा प्रश्न बांधकाम परवानगीच्या टेबलावर येतो. तिथे विकसकाशी केलेला करार दाखवला जात असेल, तर धर्मादाय आयुक्तांचा आदेशही मागितला गेला पाहिजे. विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६ मधील २०१७ च्या दुरुस्तीने अपवादात्मक परिस्थितीत व्यवहारानंतरही मंजुरी देण्याची वाट खुली झाली आहे. तिचा हेतू अडचणीतल्या न्यासांना आणि सद्भावनेने खरेदी करणाऱ्यांना दिलासा देण्याचा आहे, हे मान्य. परंतु इमारत उभी राहून कुटुंबे राहायला आल्यानंतर अर्ज आला, तर नाकारणे किती अवघड होईल याचा विचार व्हावा. म्हणूनच परवानगीच्या टप्प्यावरची चौकशी अधिक महत्त्वाची ठरते.

महापालिका आयुक्तांना माझी विनंती आहे की, ज्या मिळकतीच्या धारक रकान्यात एकदा न्यासाचे नाव लागले आहे, तिच्यावर कलम ३६ खालचा आदेश किंवा न्यायालयाचा हुकूम पाहिल्याशिवाय दुसऱ्या कोणाचेही नाव लावू नये, आणि तशी लेखी सूचना कर विभागाला द्यावी. धर्मादाय कार्यालयाकडून परिशिष्ट एकचे उतारे मागवून ते करआकारणीच्या नोंदींशी आणि नगर भूमापन कार्यालयातील मिळकत पत्रिकांशी ताडून पाहावेत, आणि जुळलेली यादी प्रभागवार जाहीर करावी, म्हणजे शेजारच्या रहिवाशालाही हरकत घेता येईल. न्यासात हितसंबंध असलेल्या व्यक्तींना धर्मादाय आयुक्तांकडे दाद मागता येते, पण अमुक जागा न्यासाची आहे हेच ठाऊक नसेल तर दाद मागणार कोण? देणगीदारांनी थेट पालिकेच्या स्वाधीन केलेल्या जागाही, दानाच्या अटींसह, या यादीत असाव्यात. वक्फ मिळकतींचा कायदा वेगळा असल्याने त्यांचा विचार येथे केलेला नाही.

हे सर्व एका वर्षात होणार नाही, याची जाणीव आहे. येत्या अंदाजपत्रकापूर्वी निदान जुन्या पेठांच्या एका विभागात ही पडताळणी सुरू करावी आणि त्यात आढळलेल्या तफावती धर्मादाय कार्यालयाला लेखी कळवाव्यात.

आपला,
एक करदाता नागरिक,
उत्तर कसबा, सोलापूर