भुताच्या फोटोआधी कॅमेऱ्याची चौकशी व्हावी

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

सध्या आमच्या तालुक्यात एका बंद वाड्यासमोरच्या सीसीटीव्हीची चित्रफीत मोबाइलवरून फिरते आहे. पांढऱ्या लुगड्यातली, पाय नसलेली एक बाई मध्यरात्री अंगणातून सरकत जाते, असे तिचे वर्णन केले जाते. एका स्थानिक वाहिनीने ती पुढे प्रश्नचिन्ह लावून दाखवली आणि विषय तेवढ्यावर सोडून दिला. फोटो स्टुडिओच्या धंद्यात उमेदीची वर्षे घालवलेला माणूस म्हणून मला हे अर्धवट सोडणे खटकते, कारण अशा बहुतेक चित्रांमागचे कारण कॅमेऱ्याच्या रोजच्या कामकाजातच असते आणि ते शोधायला फारसे काही लागत नाही.

फोटो म्हणजे एका क्षणाचे चित्र, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात शटर जितका वेळ उघडे राहते, तितक्या सगळ्या वेळाचा प्रकाश एकाच चौकटीत साठत जातो. फ्रान्समधील दागेर या फोटोग्राफीच्या एका जनकाने १८३८ साली पॅरिसच्या एका गजबजलेल्या रस्त्याचा फोटो घेतला, त्यात रस्ता जवळजवळ ओसाड दिसतो. येणारीजाणारी माणसे आणि घोडागाड्या एका जागी न थांबल्यामुळे त्यांचा ठसाच उमटला नाही. बुटांना पॉलिश करून घेण्यासाठी उभा राहिलेला एक माणूस तेवढा दिसतो. सतत हलणारा माणूस नाहीसा होतो आणि थोडा वेळ थांबून निघून जाणारा माणूस अर्धपारदर्शक उमटतो, हा फोटोग्राफीचा अगदी सुरुवातीपासूनचा अनुभव आहे. स्कॉटिश शास्त्रज्ञ डेव्हिड ब्रूस्टर यांनी तर या युक्तीने करमणुकीसाठी भुताचे चित्र कसे काढता येईल, हे १८५६ सालीच लिहून ठेवले होते.

इंग्लंडमधील कॉम्बरमियर ॲबी या जुन्या वाड्यातला १८९१ सालचा फोटो या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. तेथे राहायला आलेल्या सिबिल कॉर्बेट यांनी डिसेंबरात तिथल्या ग्रंथालयाचे चित्र घेतले. खोलीत उजेड कमी होता, म्हणून कॅमेऱ्यातली काच (तेव्हा फिल्मऐवजी काच वापरत) सुमारे तासभर उघडी ठेवावी लागली आणि तितका वेळ त्या स्वतः खोलीत थांबल्या नव्हत्या. काच धुतल्यावर खुर्चीत एका पुरुषाचे डोके, कॉलर आणि खुर्चीच्या हातावर विसावलेला हात एवढे अस्पष्ट दिसले, पाय नव्हते. लंडनमध्ये गाडीची धडक बसून मरण पावलेल्या वाड्याच्या मालकांचा, लॉर्ड कॉम्बरमियर यांचा, दफनविधी नेमका त्याच सुमारास चालू होता, त्यामुळे ते स्वतःच येऊन बसले, असे अनेकांना वाटले. तासाभराच्या एक्स्पोजरमध्ये घरातला एखादा नोकर खोलीत येऊन काही मिनिटे त्या खुर्चीत टेकला, तर नेमके हेच चित्र मिळते. खुर्चीच्या पाठीला डोके आणि हाताला हात टेकलेला असल्याने ते भाग स्थिर राहतात व उमटतात, तर चाळवाचाळव करणारे पाय पुसले जातात. म्हणजे ज्या न दिसणाऱ्या पायांमुळे ते भूत ठरले, तेच पाय खुर्चीत जिवंत माणूस बसला होता याकडे बोट दाखवतात.

१९६६ साली लंडनमधील ग्रिनिच येथील क्वीन्स हाउस या जुन्या राजनिवासात कॅनडाहून आलेल्या एका निवृत्त पाद्र्यांनी तिथल्या नक्षीदार गोल जिन्याचा फोटो घेतला. त्यात कठड्याला दोन्ही हातांनी धरून वर जाणारी झगेदार आकृती दिसते. फिल्म बनवणाऱ्या कोडॅक कंपनीच्या तज्ज्ञांनी फिल्म पाहून तिच्यात फेरफार नसल्याचे सांगितले आणि इतक्यावर लोकांनी भूत सिद्ध झाले असे मानले. मात्र फेरफार नाही याचा अर्थ एवढाच की कॅमेऱ्यासमोर जे होते ते प्रामाणिकपणे उमटले. एक्स्पोजर चार ते सहा सेकंदांचे होते आणि तेवढ्या वेळात एखादी व्यक्ती लगबगीने, मध्येच थबकत जिना चढून गेली, तर जिथे जिथे ती थबकली तिथे तिथे तिची छाया उमटणार. फोटो काढणाऱ्याच्या प्रामाणिकपणावर शंका न घेताही हा उलगडा होतो, म्हणून मला हे उदाहरण महत्त्वाचे वाटते.

मुद्दाम केलेल्या फसवणुकीचा इतिहासही मोठा आहे. मृतांच्या आत्म्यांचे म्हणून फोटो काढून देणाऱ्या अमेरिकेतील विल्यम मम्लर याच्यावर १८६९ साली न्यूयॉर्कमध्ये खटला चालला, पण तो पुराव्याअभावी सुटला. तोच धंदा करणाऱ्या पॅरिसच्या ब्युगे याने १८७५ साली न्यायालयात लबाडी कबूल केली. परंतु माझ्या माहितीतल्या बहुतेक फोटोंत कोणी लबाड नव्हते. आग्फा क्लिक थ्री हा रोलचा कॅमेरा घरोघर होता तेव्हा रोल पुढे सरकवायचा राहून जाई आणि एकाच चौकटीवर दोन फोटो पडत. बारशाच्या फोटोत गेलेल्या आजोबांचा चेहरा पाहून हादरलेली माणसे दुकानात येत, तेव्हा त्याच रोलवर आधी घेतलेला भिंतीवरच्या तसबिरीचा फोटो निगेटिव्हमध्ये दाखवावा लागे.

डिजिटल कॅमेरे आल्यावर तरंगणाऱ्या पांढऱ्या गोळ्यांचे प्रस्थ वाढले. छोट्या कॅमेऱ्यात फ्लॅश भिंगाच्या अगदी शेजारी असतो. हवेतला धुळीचा कण किंवा पावसाचा थेंब फ्लॅशपासून पाच सेंटिमीटरवर असेल आणि माणूस दोन मीटरवर, तर अंतर चाळीसपट कमी असल्याने त्या कणावर चाळीस गुणिले चाळीस म्हणजे सोळाशेपट प्रकाश पडतो. शिवाय इतक्या जवळची वस्तू फोकसमध्ये येत नाही, म्हणून टाचणीच्या टोकापेक्षा लहान कण लाडवाएवढा गोल होऊन दिसतो. तो गोळा मोठा करून पाहावा. पुष्कळदा त्याची कड भिंगातल्या पडद्याच्या पात्यांप्रमाणे षटकोनी किंवा एका बाजूने कापलेली आढळते. जेजुरीला भंडारा उधळला जात असताना फ्लॅश मारून घेतलेल्या फोटोंत असे गोळे शेकड्यांनी येतात. भाविकांच्या श्रद्धेचा मला मनापासून आदर आहे, पण ते गोळे हवेतल्या हळदीचे आहेत, हे सांगायला हवे.

आता सीसीटीव्हीकडे वळतो. रात्री हा कॅमेरा रंग सोडून कृष्णधवल होतो आणि भिंगाभोवतीच्या बारीक दिव्यांतून डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश टाकतो. भिंगापुढे कोळ्याने जाळे विणले असेल, तर त्याचा एक धागा वाऱ्याने हलला तरी चौकटभर पांढरा पट्टा लहरतो. दुसरी गोष्ट फारच थोड्यांना ठाऊक असते: कित्येक गडद रंग अवरक्त प्रकाश शोषत नाहीत, परत फेकतात. त्यामुळे काळी किंवा गर्द निळी कृत्रिम धाग्याची साडी या कॅमेऱ्यात पांढरीफटक दिसू शकते. पांढऱ्या लुगड्यातली बाई खरोखर पांढऱ्या लुगड्यात होती की नाही, हे ती चित्रफीत पाहून सांगताच येत नाही. तिसरे म्हणजे, अंधारात चित्रातले दाणे कमी करण्यासाठी यंत्र लागोपाठच्या अनेक चौकटींची सरासरी काढते, त्यामुळे चालणारा माणूस धूसर होतो आणि त्याच्या आरपार भिंत दिसते. पाय सर्वांत जास्त हलतात, म्हणून तेच आधी विरतात. मोबाइलचा नाइट मोडही अनेक चौकटी जोडून एक फोटो बनवतो आणि पॅनोरमात चालत्या माणसाचे अर्धेच शरीर उमटणे तर नित्याचे आहे.

हे सगळे लिहिण्याची निकड अशी की, हे फोटो हवेत राहत नाहीत, ते कोणाच्या तरी दाराशी जाऊन पडतात. त्या वाड्याशेजारी एक एकट्या राहणाऱ्या वयस्कर बाई आहेत. चित्रफीत फिरू लागल्यापासून शाळेतली मुले त्यांच्या घरावरून पळत जातात आणि दूध घालणाऱ्यानेही फाटकापाशीच किटली ठेवायला सुरुवात केली आहे. एखाद्या व्यक्तीवर करणीचा किंवा भूत लावल्याचा ठपका ठेवणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. तिथवर गोष्ट जाईपर्यंत आपण सर्वांनी, विशेषतः वर्तमानपत्रांनी, वाट पाहू नये.

म्हणून माझी आपणास नम्र विनंती आहे. असा फोटो किंवा चित्रफीत कार्यालयात आली, तर प्रथम मूळ फाइल मागावी. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवल्यास त्यातली शटरची वेळ, फ्लॅश लागला होता की नाही आणि कॅमेऱ्याचे नाव ही नोंद गळून जाते. तीच फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवली तर शिल्लक राहते. चित्रफितीच्या बाबतीत त्या दहा सेकंदांच्या आधीचा आणि नंतरचा अर्धा तास पाहायला मागावा. मग गावातल्या एखाद्या जाणत्या छायाचित्रकाराला त्याच ठिकाणी, त्याच वेळी, त्याच कॅमेऱ्यासमोरून गडद साडीतील एखाद्या व्यक्तीला चालवून पाहायला सांगावे आणि दोन्ही चित्रे शेजारीशेजारी छापावीत. आमच्या तालुक्यातल्या चित्रफितीसाठी हे काम विनामोबदला करण्याची माझी तयारी आहे. वाड्याच्या मालकांची परवानगी तेवढी आपल्या वार्ताहरांनी मिळवून द्यावी.

कळावे,

आपला विश्वासू,
एक निवृत्त छायाचित्रकार, जि. सातारा