जर्मन एकीकरण आणि १६३० चे रेगेन्सबुर्ग

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीतील जर्मन एकीकरणावरील लेख आवडला. मात्र हे एकीकरण १८७१ पर्यंत लांबल्याचे खापर त्यात जवळजवळ पूर्णपणे कॅथलिक-प्रोटेस्टंट वैरावर फोडलेले पाहून हे पत्र लिहावेसे वाटले. १६३० मध्ये रेगेन्सबुर्ग येथे भरलेल्या बैठकीचा विचार केला, तर हे स्पष्टीकरण अपुरे पडते.

त्या वर्षी पवित्र रोमन साम्राज्याचा, म्हणजे जर्मन संस्थाने ज्यात मोडत त्या साम्राज्याचा, सम्राट दुसरा फर्डिनांड सत्तेच्या शिखरावर होता. डेन्मार्कचा राजा पराभूत होऊन तीस वर्षांच्या युद्धातून (१६१८-४८) बाहेर पडला होता, सम्राटाचा सेनापती वालेनस्टाइन याची फौज बाल्टिक किनाऱ्यापर्यंत पोहोचली होती आणि प्रोटेस्टंटांनी १५५२ नंतर ताब्यात घेतलेल्या चर्चच्या मालमत्ता परत करण्याचे फर्मान आदल्याच वर्षी निघाले होते. त्याला अडवले ते कॅथलिक राजांनी. बव्हेरियाचा माक्सिमिलियन हा सम्राटाचा सहधर्मी आणि युद्धातला मोठा आधार. पण त्याच्याच पुढाकाराने, सम्राट निवडण्याचा अधिकार असलेल्या राजांनी (इलेक्टरांनी) वालेनस्टाइनला पदावरून दूर करायला लावले आणि फर्डिनांडच्या मुलाला वारस म्हणून निवडण्यासही नकार दिला. तेही स्वीडनचे सैन्य नुकतेच पोमेरेनियात उतरलेले असताना. सम्राटाची स्वतःची खडी फौज त्यांना नको होती, कारण ती उद्या आपल्याच दारात उभी राहील, हे ते जाणून होते.

राजांचे हे बळ जुनेच होते. सम्राट निवडणुकीने ठरे आणि १५१९ मध्ये पाचव्या चार्ल्सपासून प्रत्येकाला निवडीपोटी राजांच्या अटी लेखी मान्य कराव्या लागत. १४९५ मध्ये साऱ्या साम्राज्यासाठी एक कर बसवला, तर तो गोळा करणारी यंत्रणाच सम्राटाकडे नसल्याने तो बारगळला.

ते युद्ध संपवणाऱ्या १६४८ च्या वेस्टफालिया तहाने संस्थानिकांना परकीयांशी करार करण्याची मुभा दिली (ते सम्राट व साम्राज्याविरुद्ध नसावेत, एवढीच अट) आणि फ्रान्स व स्वीडन त्या व्यवस्थेचे हमीदार झाले. जर्मनीच्या कारभारात हात घालायला शेजाऱ्यांना तहानेच वाट करून दिली. पुढे सॅक्सनीचा इलेक्टर १६९७ मध्ये पोलंडचा आणि हॅनोव्हरचा १७१४ मध्ये ब्रिटनचा राजा झाला. खुद्द सम्राटाच्या हॅब्सबुर्ग घराण्याचा जीव हंगेरीत अडकलेला. ज्यांची एवढी दौलत साम्राज्याबाहेर, त्यांनी एका जर्मन राज्यासाठी ती पणाला का लावावी?

धर्मभेद खरा होता आणि त्यापायी अमाप रक्त सांडले, हे मी नाकारत नाही. लेखकाने या विषयावर पुन्हा लिहिले, तर रेगेन्सबुर्गला त्यात जागा मिळावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, सातारा