काका, प्लॅनिमीटर का चालतो ते तुम्ही मला सांगू दिलंत

तीर्थस्वरूप काकांना,
साष्टांग नमस्कार.

फोनवर तीनदा प्रयत्न करून पाहिला. आभाराचं नाव काढलं की तुम्ही लगेच "पोरगं काय म्हणतंय, थंडी कमी झाली का" यावर जाता. घरच्या माणसाचे आभार मानले की त्याला परकं केल्यासारखं होतं, हे मलाही कळतं. तरी चार लोकांसमोर हे लिहायचंच होतं. तुम्ही माझ्यासाठी नेमकं काय केलंत हे तुम्हाला स्वतःलाही पुरतं ठाऊक नसावं, असं मला वाटतं.

गेल्या ऑगस्टातली ती संध्याकाळ आठवते? फ्रेमाँटच्या सेंट्रल पार्कमध्ये, लेक एलिझाबेथच्या काठी मी लाकडी टेबलावर पुस्तक उघडून बसले होते आणि सांगलीला आईशी बोलत होते. "आयर्विनला किती झालं?" (म्हणजे सांगलीच्या कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाणी किती फूट) एवढंच मी विचारलं आणि तळ्याला फेरी मारणारे तुम्ही जागच्या जागी थांबलात. ओळख ना पाळख, पण फोन ठेवायच्या आत तुमचा प्रश्न आला, "किती?" मी म्हटलं, 38. तुम्ही मान हलवलीत. "40 ला इशारा, 45 ला धोका. अजून वाव आहे." परक्या देशात, हंसांच्या कलकलाटात, आयर्विन पुलाची इशारा पातळी तोंडपाठ असलेला माणूस भेटला म्हणून मला त्या दिवशी काय वाटलं ते सांगता येणार नाही. 2019 साली पाणी 57 फुटांच्या वर गेलं तेव्हा आमच्या घराचा खालचा मजला बुडाला होता. मी इथून फक्त आकडा विचारू शकत होते. तेव्हापासून पावसाळा आला की तो आकडा विचारल्याशिवाय मला झोप येत नाही.

मग तुमचं लक्ष पुस्तकाकडे गेलं. "कॅल्क्युलस? मुलाचं?" मी म्हटलं, "माझं." तुम्ही हसला नाहीत. समोर बसलात आणि अनुक्रमणिका वाचायला घेतलीत.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. मी दहावीनंतर बी ग्रुप घेतला, गणित सोडलं आणि सुटले असं समजले. लग्नानंतर इथे आले ती एच-फोर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसाला जोडून मिळणाऱ्या व्हिसावर. त्यावर कामाची परवानगी वेगळी काढावी लागते, ती सगळ्यांना मिळत नाही. पण शिकायला आडकाठी नाही. कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजात प्रवेशपरीक्षा नसते, वय कुणी विचारत नाही आणि राज्याच्या रहिवाशाला युनिटमागे 46 डॉलर फी पडते. मला पुढे स्टॅटिस्टिक्समध्ये मास्टर्स करायचं आहे आणि त्यासाठी मल्टिव्हेरिएबल, म्हणजे एकाहून जास्त चलांचं कॅल्क्युलस लागतंच. म्हणून प्रीकॅल्क्युलसपासून एकेक सत्र चढत इथवर आले. हा कोर्स पाच युनिटचा, म्हणजे 230 डॉलरचा. एका बाजूला हायस्कूलचं कॅल्क्युलस आधीच संपवून आलेली 16 वर्षांची मुलगी, दुसऱ्या बाजूला रात्रपाळी करून येणारा एक बाप्या, मध्ये मी. आमच्या प्रोफेसर फार चांगल्या होत्या. त्यांचे आभार मी त्यांच्या ऑफिसात जाऊन मानले आहेत.

पण पहिल्या चाचणीत मला 100 पैकी 52 मिळाले. एका चलाचं कॅल्क्युलस मी घोकून, सराव करून पार केलं होतं. दोन चलं आली, आलेख कागदावरून उठून हवेत उभा राहिला, आणि मला काही दिसेना. पार्शल डेरिव्हेटिव्ह काढता यायचं. ते कशाचं काढतोय ते कळायचं नाही.

तो पेपर मी तुम्हाला लाजत दाखवला. तुम्ही तो बाजूला ठेवलात आणि म्हणालात, "आयर्विनची पातळी कशाकशावर ठरते, सांग." कोयना धरणाचा विसर्ग, मी म्हटलं. मधल्या खोऱ्यातला पाऊस. वारणेचं पाणी, कारण ते पुलाच्या खाली हरिपूरच्या संगमावर मिळत असलं तरी त्याचा फुगवटा मागे येतो. "बरं. आता कोयना आहे तशी सोडत राहिली, पाऊस आहे तसाच राहिला, आणि फक्त वारणा थोडी वाढली. पुलाखालचं पाणी किती चढेल?" एवढं बोलून तुम्ही थांबलात. मी पुस्तकातलं पार्शल डेरिव्हेटिव्हचं ते वळणदार चिन्ह पाहिलं, आणि त्याच्याखाली काय काय गोठवून ठेवलेलं असतं ते मला पहिल्यांदा दिसलं. सांगलीची प्रत्येक बाई पावसाळ्यात हे गणित मनात करत असते. त्याला हे नाव आहे, एवढंच मला ठाऊक नव्हतं. (कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या फुगवट्यावरून आपला वाद झाला तो वेगळा. तो अजून मिटलेला नाही.)

त्यानंतर आठवड्यातून दोन संध्याकाळी तुम्ही ती चौकोनी वही घेऊन यायला लागलात. पाटबंधारे खात्यात 34 वर्षं, कनिष्ठ अभियंता म्हणून सुरुवात, अर्धं आयुष्य डंपी लेव्हल आणि स्टाफ, म्हणजे उंची मोजायची दुर्बीण आणि पट्टी घेऊन डोंगरात. तुम्ही एका जुन्या धरणाच्या जागेच्या समोच्च रेषा आठवणीतून वहीवर काढल्यात. समोच्च रेषा, म्हणजे नकाशावर सारख्या उंचीच्या जागा जोडणारी रेषा, हा शब्द मी शाळेच्या भूगोलानंतर ऐकलाच नव्हता. आमच्या पुस्तकात त्याच रेषांना लेव्हल कर्व्ह म्हणतात आणि मी त्या महिनाभर नुसत्या गिरवत होते.

ग्रेडियंटवरून आपलं अडलं होतं. तुमच्या हिशेबी ग्रेडियंट म्हणजे रस्त्याचा चढ, विसास एक, तिसास एक, म्हणजे एक आकडा. पुस्तकात तो बाण. तुम्ही दोन दिवस ऐकायला तयार नव्हता आणि मला पटवून देता येत नव्हतं. तिसऱ्या दिवशी आपण दोघांनी समोर दिसणाऱ्या मिशन पीककडे पाहिलं. ते पिवळे, वाळलेले डोंगर बघून तुम्हाला कसंसंच व्हायचं, कारण आपला सह्याद्री त्याच वेळी हिरवागार असतो. त्या डोंगरावर एका जागी उभं राहिलं तर चढ प्रत्येक दिशेला निराळा. आडवं चाललं तर शून्य. सगळ्यात उभा चढ ज्या दिशेला, तिकडे तो बाण, आणि त्या चढाचा आकडा हीच बाणाची लांबी. "म्हणजे माझा ग्रेडियंट तुझ्या बाणाच्या पोटात आहे," तुम्ही म्हणालात. आणि बाण समोच्च रेषेला काटकोनातच का असतो हे मी पुस्तकातून समजावायला लागले, तेव्हा तुम्ही पुढचं वाक्य बोललात. "पाणी उतरतं ते त्याच्या बरोब्बर उलट दिशेनं. मी आयुष्यभर नकाशावर ओढे असेच काढले."

डबल इंटिग्रल तर मी तुमच्यामुळेच पार केलं. पुस्तक म्हणतं, तळाचे बारीक चौकोन करा, प्रत्येकावर उभा खांब धरा, खांबांची बेरीज करा. तुम्ही म्हणालात, जलाशय कुणी असा मोजत नाही. एकेका समोच्च रेषेच्या आतलं क्षेत्रफळ काढायचं, लगतच्या दोन क्षेत्रांची सरासरी घ्यायची, मधल्या उंचीनं गुणायचं, थरावर थर रचत जायचं. कोयनेचं 105.25 टीएमसी (अब्ज घनफूट) हेसुद्धा असंच थरांनी मोजायचं पाणी. मी एकाच काल्पनिक खड्ड्याचा दोन्हीकडून हिशेब केला. उभ्या खांबांनी पान भरून, आडव्या थरांनी चार ओळींत. उत्तर एकच. क्रम बदलला तर न सुटणारं इंटिग्रल सुटतं, हे प्रोफेसरांनी फळ्यावर आधीच दाखवलं होतं आणि मी ते युक्ती म्हणून लिहून घेतलं होतं. पाणी तेच, कापायची दिशा वेगळी, हे मला तुमच्या वहीत समजलं. दुसऱ्या चाचणीत 78 आले.

पण मला सगळ्यात मोठे आभार मानायचे आहेत ते नोव्हेंबरातल्या एका दुपारचे.

थँक्सगिव्हिंगची सुट्टी होती. पहिला पाऊस होऊन गेला होता, डोंगर हिरवे व्हायला लागले होते. बोलता बोलता तुम्ही प्लॅनिमीटरची गोष्ट काढलीत. नकाशावरच्या वेड्यावाकड्या समोच्च रेषेतलं क्षेत्रफळ तुम्ही त्यावर काढायचात. दोन दांड्या सांध्यात जोडलेल्या, एकीचं टोक कागदावर रोवलेलं, दुसरीच्या टोकाची सुई रेषेवरून फिरवायची आणि निघालो तिथे परत यायचं. मधलं एक छोटं चाक फिरतं, त्यावरचा आकडा वाचला की क्षेत्रफळ हातात. "आत पाऊलसुद्धा टाकायचं नाही आणि आतलं सगळं कळतं," तुम्ही म्हणालात. "30 वर्षं वापरला. का चालतो ते कुणाला विचारायचं धाडस झालं नाही. वरच्यांनाही माहीत नसावं."

काका, त्याच आठवड्यात आम्ही ग्रीनचा सिद्धान्त शिकलो होतो.

मला घाम फुटला, कारण उत्तर माझ्यापाशी आहे असं मला वाटत होतं आणि आयुष्यात गणिताच्या बाबतीत तसं कधी वाटलं नव्हतं. मी म्हटलं, मला सांगून बघू दे. तुम्ही वही स्वतःकडे ओढून घेतलीत, पेनाचं टोपण काढलंत आणि म्हणालात, "तू सांग. मी लिहून घेतो."

मी अडखळत सांगितलं. चाकाला दांडीशी काटकोनात झालेली हालचालच मोजता येते, दांडीच्या दिशेनं ते नुसतं घसरतं. म्हणजे चाक वाटेवरच्या प्रत्येक ठिकाणी एका बाणाशी आपल्या पावलाचा मेळ घालून बेरीज करतं, आणि पूर्ण फेरीची ती बेरीज म्हणजे बंद वाटेवरचं लाइन इंटिग्रल. ग्रीन सांगतो की कडेवरची ती बेरीज आतल्या भोवऱ्यांच्या, म्हणजे बाण जागोजागी किती गोल फिरवतात त्याच्या, बेरजेइतकी असते. आणि या यंत्राचा बाणांचा नमुनाच असा, की आतला भोवरा सगळीकडे सारखा. मग बेरजेत उरतं काय? फक्त क्षेत्रफळ. तुम्ही दोनदा थांबवलंत. एकदा "भोवरा सारखा का?" असं विचारलंत, ते मला नीट सांगता आलं नाही. दांड्यांचे कोन घेऊन घरी रात्री दीडपर्यंत बसले आणि दुसऱ्या दिवशी सांगितलं. तेही तुम्ही लिहून घेतलंत, खाली तारीख टाकलीत.

जॉर्ज ग्रीनबद्दल मी तेव्हाच सांगितलं होतं, आठवतंय ना? नॉटिंगहॅमचा पवनचक्कीवाला. शाळा जेमतेम वर्षभर. 1828 साली वर्गणीदार गोळा करून स्वतःच आपला निबंध छापला आणि केंब्रिजला विद्यार्थी म्हणून गेला तेव्हा 40 वर्षांचा होता. तुम्ही काही बोलला नाहीत. फक्त माझं वय विचारलंत. 38, मी म्हटलं. "वाव आहे," तुम्ही म्हणालात.

मला आजवर शिकवणारे खूप भेटले. माझ्याकडून शिकायला बसलेले, तेही वयाच्या 71 व्या वर्षी वही उघडून, तुम्ही पहिले. दहावीपासून मनात जी गाठ होती, की गणित हे दुसऱ्यांचं असतं, ती त्या टेबलावर सुटली. नंतर ती पुन्हा बसली नाही. मला हेच तुमच्यापर्यंत पोचवायचं होतं आणि फोनवर तुम्ही पोचवू देत नव्हता.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तुमचे इथल्या मुक्कामाचे सहा महिने संपत आले आणि तुम्ही निघालात. माझी शेवटची परीक्षा पुढच्या आठवड्यात होती. डायव्हर्जन्सचा सिद्धान्त राहिला होता. विमानतळावर निघायच्या आदल्या संध्याकाळी, अंधार पाचलाच पडला होता तरी तुम्ही आलात आणि उभ्याउभ्या सांगितलंत, "दिवसभर साडेअकरा हजार क्युसेक, म्हणजे सेकंदाला तितके घनफूट, चाललं की एक टीएमसी. भिंतीवरून काय गेलं ते मोज, नाहीतर आत काय झालं ते मोज. हिशेब जुळलाच पाहिजे." परीक्षेत गोलाच्या पृष्ठभागातून बाहेर पडणारा प्रवाह, म्हणजे फ्लक्स, विचारला होता. पृष्ठभागानं गेले असते तर तासभर गेला असता. मी आतून मोजला, पाच ओळींत.

कोर्सला बी ग्रेड मिळाली. पहिले 52 गुण त्यात धरूनच मिळाली, म्हणून मला ती ए पेक्षा जवळची आहे. या सत्रात लिनिअर अल्जिब्रा घेतला आहे.

तुमची चौकोनी वही माझ्याकडेच राहिली. मागच्या पानांवर तुमच्या अक्षरात माझं स्पष्टीकरण आहे, म्हणून ती पोस्टानं पाठवायला मन होत नाही. जूनमध्ये आम्ही सांगलीला येतो आहोत. कराडला उतरून आधी तुमच्याकडे येईन. तुमच्या माळ्यावरच्या पेटीत प्लॅनिमीटर अजून असेल असं तुम्ही म्हणाला होतात. तेवढा काढून, पुसून ठेवा. मी तो अजून डोळ्यांनी पाहिलेला नाही.

काकूंना नमस्कार.

तुमची,
आयर्विनवाली